कॅसँड्रा क्लस्टरचं रिपेअर: पहिल्यांदा जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

कॅसँड्रा हा अनेक सर्व्हरवर (नोडवर) डेटा वाटून ठेवणारा डेटाबेस, अशा नोडचा गट म्हणजे क्लस्टर, आणि वेगवेगळ्या नोडवरच्या प्रती तपासून एकसारख्या करणं म्हणजे रिपेअर. चालू असलेला कॅसँड्रा क्लस्टर तुमच्या हाती आला, की आधीच्या माणसाला सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न एकच: शेवटचं रिपेअर कधी पूर्ण झालं? सुरू कधी झालं हे नाही, पूर्ण कधी झालं. उत्तरात तारीख आली तर पुढचं काम सोपं आहे. "चालू असतं की क्रॉनमधून" एवढंच उत्तर आलं (क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय), तर हा लेख आजच वाचून काढा.

कॅसँड्रात रिपेअरला मुदत असते. प्रत्येक टेबलावर जीसी_ग्रेस_सेकंड्स नावाचं सेटिंग असतं आणि ते कोणी बदललं नसेल तर त्याची किंमत ८,६४,००० सेकंद, म्हणजे बरोबर १० दिवस असते. या मुदतीच्या आत त्या टेबलाच्या प्रत्येक भागाचं रिपेअर पूर्ण व्हायला हवं. क्लस्टर वरून कितीही निरोगी दिसत असला, तरी हा हिशोब चुकला की पुसलेला डेटा परत येऊ शकतो. नवीन माणसाला हे सहसा कोणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून आधी तेवढंच सविस्तर बघू.

(कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.)

पुसलेली ओळ परत कशी येते

कॅसँड्रात प्रत्येक ओळीच्या ठरावीक प्रती वेगवेगळ्या नोडवर असतात. बहुतेक ठिकाणी रेप्लिकेशन फॅक्टर ३, म्हणजे तीन प्रती. लिहिताना तिन्ही नोडला संदेश जातो, पण कोरम (म्हणजे बहुमत) पातळीवर दोघांनी होकार दिला की काम झालं असं धरलं जातं. तिसरा त्या क्षणी बंद असेल तर मागे राहतो. त्याला नंतर गाठण्यासाठी दोन सोयी आहेत. एक हिंटेड हँडऑफ: बंद नोडसाठी आलेली लेखनं दुसरा नोड चिठ्ठीसारखी जपून ठेवतो आणि तो परत आला की त्याच्या हवाली करतो. दुसरी रीड रिपेअर: वाचताना प्रतींमध्ये तफावत आढळली, की नवा डेटा जुन्या प्रतीवर लिहिला जातो.

दोन्ही अपुऱ्या आहेत. हिंट फक्त पहिल्या ३ तासांच्या साठवल्या जातात, निदान मूळ सेटिंगप्रमाणे. आणि रीड रिपेअर जे वाचलं जातं तेवढ्यालाच लागू. वर्षभर कोणी न उघडलेली ओळ वर्षभर तशीच विसंगत राहते.

आता हे बघा. अ, ब आणि क असे तीन नोड. १ जूनला सकाळी १० वाजता क बंद पडला आणि दुपारी ३ वाजता परत उभा राहिला. मधे दुपारी २ वाजता एका ग्राहकाने आपला पत्ता डिलीट केला. कॅसँड्रात डिलीट म्हणजे जागेवरून खोडणं नसतं. 'ही ओळ अमुक वेळी पुसली' अशी खूण लिहिली जाते आणि तिला टूमस्टोन म्हणतात. अ आणि ब वर टूमस्टोन लिहिला गेला. क बंद होऊन ४ तास उलटले होते, त्यामुळे त्याच्यासाठी हिंटही ठेवली गेली नाही. क परत आला तो जुना पत्ता घेऊनच.

पहिले १० दिवस काही बिघडत नाही. कोणी कोरमने वाचलं, तर निदान एका नोडवरचा टूमस्टोन समोर येतो, तो जुन्या पत्त्यापेक्षा नवा असल्यामुळे जिंकतो आणि पत्ता पुसलेलाच दिसतो. ११ जूनला दुपारी २ वाजता टूमस्टोनची मुदत संपते. त्यानंतरच्या कॉम्पॅक्शनमध्ये (डिस्कवरच्या फाइली एकत्र करून निरुपयोगी डेटा काढण्याच्या कामात) अ आणि ब तो टूमस्टोन कायमचा काढून टाकायला मोकळे होतात. दोघांनी तो काढला, की अ आणि ब कडे त्या ओळीबद्दल काहीच शिल्लक नाही आणि क कडे मात्र पत्ता आहे. पुढचं वाचन अ आणि क कडून झालं, तर कॅसँड्रा काय समजणार? अ कडे ओळ पोचायची राहून गेली, असंच. मग रीड रिपेअर इमाने इतबारे तो पत्ता अ वर परत लिहून देतं.

याला झाँबी डेटा म्हणतात. एरर येत नाही, अलर्ट वाजत नाही. ग्राहकाला त्याचा पुसलेला पत्ता परत दिसतो, किंवा रद्द केलेली ऑर्डर पुन्हा यादीत येते, आणि विकसक दोन दिवस स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतात. १ ते ११ जूनच्या दरम्यान एकदा जरी त्या भागाचं रिपेअर पूर्ण झालं असतं, तरी टूमस्टोन क वर पोचला असता आणि प्रश्न तिथेच संपला असता.

पायरी १: हात लावण्याआधी क्लस्टरची नाडी बघा

नोडटूल हे नोडला कमांड देण्याचं कॅसँड्राचं साधन. त्यातलं नोडटूल स्टेटस चालवा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला यूएन दिसायला हवं, म्हणजे नोड चालू आहे आणि नेहमीच्या अवस्थेत आहे. डीएन म्हणजे बंद. यूजे म्हणजे नवा नोड अजून सामील होतोय, यूएल म्हणजे बाहेर पडतोय. यूएनखेरीज काहीही दिसलं तर रिपेअर आज नाही. एखाद्या भागाची एक प्रत बंद नोडवर असेल, तर त्या भागाचं रिपेअर फसतं आणि बाकीच्या भागांसाठी केलेली मेहनत अर्धवट लटकते. हे स्टेटस एकाच नोडवरून बघून थांबू नका, निदान दोन ठिकाणांहून बघा. एका नोडला जो शेजारी बंद वाटतो तो दुसऱ्याला चालू दिसत असेल, तर मामला नेटवर्कचा आहे.

मग नोडटूल डिस्क्राइबक्लस्टर. स्कीमा (टेबलांची रचना) व्हर्जनच्या खाली एकच आयडी आणि त्यापुढे सगळे नोड असले पाहिजेत. दोन आयडी दिसले तर आधी ते मिटवा.

डिस्क बघा. रिपेअरच्या काळात एका नोडवरून दुसऱ्यावर डेटा येतो, तो नव्या फाइलींत बसतो, आणि नंतरच्या कॉम्पॅक्शनला पुन्हा जागा लागते. साइझ-टायर्ड कॉम्पॅक्शन (साधारण सारख्या आकाराच्या फाइली एकत्र करण्याची पद्धत) असेल तर निम्मी डिस्क मोकळी ठेवण्याचा जुना सल्ला आजही चांगला आहे. डिस्क ८० टक्क्यांच्या वर भरली असेल तर मी रिपेअर सुरू करणार नाही, आधी जुने स्नॅपशॉट (त्या त्या क्षणीच्या डेटाच्या जपून ठेवलेल्या प्रती) काढेन. नोडटूल लिस्टस्नॅपशॉट्स चालवून बघा, कोणीतरी कधीतरी घेतलेले आणि विसरलेले स्नॅपशॉट बऱ्याच क्लस्टरांत सापडतात.

नोडटूल कॉम्पॅक्शनस्टॅट्समध्ये पेंडिंग कामांचा आकडा शेकड्यांत असेल, तर नोड आधीच धापा टाकतोय. त्याच्यावर रिपेअरचं ओझं टाकू नका.

घड्याळं हा भाग लोक हमखास वगळतात. दोन लेखनांपैकी कोणतं खरं हे कॅसँड्रा मायक्रोसेकंदांतल्या टाइमस्टॅम्पवरून ठरवतं; ज्याचा आकडा मोठा, ते जिंकतं. आणि आजचे बहुतेक ड्रायव्हर हा टाइमस्टॅम्प ॲप्लिकेशनच्या बाजूलाच लावून पाठवतात. त्यामुळे घड्याळं जुळवणारं एनटीपी किंवा क्रोनी डेटाबेसच्या नोडवरच नाही, तर ॲप्लिकेशन सर्व्हरवरही नीट चालतंय ना, हे तपासा. घड्याळ पुढे गेलेल्या सर्व्हरने केलेलं लेखन नंतरच्या खऱ्या डिलीटला हरवू शकतं, आणि तिथे रिपेअर काहीच करू शकत नाही. ते ती चुकीची प्रतच प्रामाणिकपणे तिन्ही ठिकाणी पोचवेल.

शेवटी एक तक्ता बनवा: कीस्पेस (टेबलांचा गट), टेबल, रेप्लिकेशन फॅक्टर, जीसी_ग्रेस_सेकंड्स, कॉम्पॅक्शनचा प्रकार, साधारण आकार, आणि त्या टेबलात डिलीट किंवा अपडेट होतात का. एका दुपारचं काम आहे, आणि पुढचे सगळे निर्णय याच तक्त्यावरून घेता येतात. कुठे जीसी_ग्रेस कोणी १ दिवसावर आणून ठेवलेला सापडेल, तिथे १० दिवसांचा हिशोब लागू नाही. शून्य सापडलं तर थांबून कारण विचारा, कारण अशा टेबलासाठी हिंटचाही उपयोग राहत नाही.

पायरी २: आत काय चालतं ते थोडक्यात

रिपेअर सुरू झालं की ज्या भागाचं काम आहे त्याच्या प्रती असलेला प्रत्येक नोड आपला डेटा वाचून त्याचं मर्कल ट्री बनवतो. डेटाच्या छोट्या तुकड्यांचे हॅश (डेटावरून गणिताने काढलेला छोटा ठसा), त्या हॅशांचे हॅश, असं करत वर एकच मुळाचा हॅश. दोन वह्यांचा जमाखर्च जुळवताना आपण आधी शेवटची बेरीज बघतो, ती जुळली तर पानं उलटत नाही, नाही जुळली तर पानापानाची बेरीज बघत चुकलेल्या पानावर येतो. हे अगदी तसंच. या टप्प्याला व्हॅलिडेशन म्हणतात आणि तो डिस्क व सीपीयू दोन्ही खातो, कारण सगळा डेटा खरोखर वाचावा लागतो.

तफावत सापडली की दुसरा टप्पा, स्ट्रीमिंग. इथे एक मेख आहे. झाडाचं एक पान म्हणजे एक ओळ नाही, त्यात बऱ्याच ओळी असतात. एकच ओळ वेगळी असली तरी त्या पानाखालचा सगळा डेटा पाठवला जातो. टेबल मोठं आणि झाड उथळ असेल, तर दोन-चार ओळींच्या फरकासाठी कितीतरी पट डेटा तारेवरून जातो. म्हणूनच मोठ्या टेबलांचं रिपेअर छोट्या तुकड्यांत करतात, त्याबद्दल पुढे.

पायरी ३: कोणतं रिपेअर?

इथे तुमची आवृत्ती महत्त्वाची. नोडटूल व्हर्जन चालवून ती बघून घ्या.

आवृत्ती २.२ पासून नुसतं 'नोडटूल रिपेअर' लिहिलं की इन्क्रिमेंटल रिपेअर सुरू होतं. म्हणजे आधी रिपेअर झालेला डेटा बाजूला ठेवायचा आणि फक्त नव्याची तुलना करायची. कल्पना उत्तम होती, पण ३.११ पर्यंतच्या आवृत्त्यांत तिच्या अंमलबजावणीत गंभीर दोष होते. नोडनोडमधला 'रिपेअर झालेला' डेटा एकमेकांशी जुळेनासा व्हायचा आणि मग न संपणारं स्ट्रीमिंग सुरू व्हायचं. २०२१ साली आलेल्या ४.० मध्ये हे मुळापासून दुरुस्त केलं गेलं. माझा सल्ला सरळ आहे: ३.११ किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तर प्रत्येक कमांडमध्ये -फुल (म्हणजे सगळ्या डेटाची तुलना) लिहा, विसरू नका. तिथे इन्क्रिमेंटलच्या वाटेला जाऊ नका.

४.० किंवा पुढची आवृत्ती असेल तर इन्क्रिमेंटल वापरण्याजोगं आहे. कॅसँड्राच्या अधिकृत दस्तऐवजात सुरुवातीसाठी दर १ ते ३ दिवसांनी इन्क्रिमेंटल आणि दर १ ते ३ आठवड्यांनी फुल, असं सुचवलं आहे. इन्क्रिमेंटल नकोच असेल तर दर ५ दिवसांनी फुल. फुल पूर्णपणे सोडून देता येत नाही, कारण डिस्कवर खराब झालेला किंवा चुकून उडालेला जुना डेटा इन्क्रिमेंटलला दिसत नाही, त्याने तो 'झालेला' म्हणून बाजूला ठेवलेला असतो. मोठ्या क्लस्टरवर पहिलं इन्क्रिमेंटल मात्र जड जातं, कारण सुरुवातीला सगळाच डेटा 'न झालेला' असतो. ते टेबलागणिक करा.

नवख्या माणसाने मी तरी फुलपासूनच सुरुवात करावी म्हणेन. काय चाललंय हे समजायला ते सोपं आहे.

आता -पीआर, म्हणजे प्रायमरी रेंज. हा पर्याय समजला की अर्धी लढाई जिंकली. सहा नोड आहेत आणि रेप्लिकेशन फॅक्टर ३ आहे असं धरा. प्रत्येक नोडकडे स्वतःचे प्राथमिक टोकन भाग (टोकन म्हणजे ओळ कोणत्या नोडकडे जाईल हे ठरवणारा आकडा) आणि त्याशिवाय इतर दोघांच्या भागांच्या प्रती असतात, म्हणजे एकूण निम्मा डेटा. -पीआर न लावता सहाही नोडवर एकेक करून रिपेअर चालवलं तर प्रत्येक भागाचं रिपेअर तीनदा होतं. काम तिप्पट, फायदा तेवढाच. -पीआर लावलं की नोड फक्त आपले प्राथमिक भाग बघतो (त्या भागांच्या सगळ्या प्रतींशी तुलना होतेच) आणि सहाही नोड झाले की सगळा डेटा बरोबर एकदा तपासला जातो.

अट एकच आणि ती कडक आहे: -पीआर प्रत्येक नोडवर चालवावं लागतं. दोन डेटा सेंटर असतील तर दोन्हीकडच्या प्रत्येक नोडवर. पाच नोडवर चाललं आणि सहावा राहिला, तर त्याचे प्राथमिक भाग कोणीच बघितलेले नाहीत. एखादा नोड नुकताच वाढवला आणि क्रॉनमध्ये त्याची नोंद करायची राहिली, हे या कामातलं नेहमीचं भगदाड आहे.

उलट एखादा एकटा नोड ५-६ तास बंद राहून परत आला असेल आणि तुम्हाला फक्त त्याला ताळ्यावर आणायचं असेल, तर -पीआर लावू नका. तिथे त्याच्याकडच्या सगळ्या भागांचं रिपेअर हवं.

पायरी ४: पहिलं रिपेअर सिस्टीम_ऑथवर

सरावासाठी याहून चांगली जागा नाही. सिस्टीम_ऑथ या कीस्पेसमध्ये युजर आणि त्यांचे अधिकार असतात, ती अगदी छोटी असते, आणि मूळ सेटिंगमध्ये तिचा रेप्लिकेशन फॅक्टर १ असतो. म्हणजे ज्या नोडवर लॉगिनची एकमेव प्रत आहे तो बंद पडला, तर बाकी क्लस्टर ठणठणीत असूनही लोकांना आत शिरता येत नाही. तुमच्याकडे हा अजून १ असेल तर तो बदलणं हेच पहिलं उपयोगी काम.

सीक्यूएल शेलमध्ये ऑल्टर कीस्पेस करून नेटवर्क टोपॉलॉजी स्ट्रॅटेजी लावा आणि प्रत्येक डेटा सेंटरसाठी ३ द्या. डेटा सेंटरचं नाव नोडटूल स्टेटसमध्ये दिसतं तसंच्या तसं लिहा, लहान-मोठ्या अक्षरांसकट. ऑल्टर केल्याने फक्त नियम बदलतो, डेटा हलत नाही. तो हलवायला प्रत्येक नोडवर हे चालवा:

नोडटूल रिपेअर -फुल -पीआर सिस्टीम_ऑथ

एका नोडवर संपलं की मगच पुढच्यावर. स्क्रीन किंवा टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी टर्मिनल जिवंत ठेवणारी साधनं) उघडून त्यात चालवा. नोडटूल हा फक्त रिमोट कंट्रोल आहे हे लक्षात असू द्या. तुमचं एसएसएच तुटलं किंवा कंट्रोल-सी दाबलं तरी नोडच्या आत रिपेअर चालूच राहतं. रागाच्या भरात पुन्हा तीच कमांड दिली तर आता दोन चालू आहेत.

हे सुरळीत झालं की तक्त्यातलं एक मध्यम टेबल घ्या, ज्यात डिलीट होतात असं. कीस्पेसच्या नावानंतर टेबलाचं नाव द्यायचं, उदाहरणार्थ:

नोडटूल रिपेअर -फुल -पीआर दुकान ग्राहक_पत्ते

४.० मध्ये --प्रीव्ह्यू जोडलं तर प्रत्यक्ष स्ट्रीमिंग न करता किती तफावत आहे तेवढंच कळतं. व्हॅलिडेशनचा भार पडतोच, पण पहिल्या वेळी अंदाजासाठी जरूर वापरा.

चालू असताना दुसऱ्या खिडकीत कॉम्पॅक्शनस्टॅट्स लावून ठेवा. आधी व्हॅलिडेशनच्या ओळी दिसतील, टक्के वाढत जातील. मग नोडटूल नेटस्टॅट्समध्ये कोणाकडून किती फाइली येतायत ते दिसेल. ॲप्लिकेशनची पी९९ लेटन्सी (१०० पैकी ९९ विनंत्या ज्या वेळेच्या आत पूर्ण होतात तो वेळ) एका बाजूला उघडी ठेवा. ती नेहमीच्या दुपटीवर गेली तर नोडटूल सेटस्ट्रीमथ्रूपुटने स्ट्रीमिंगचा वेग खाली आणा, क्लस्टर चालू असतानाच तो बदलतो आणि नोड रीस्टार्ट केला की मूळ पदावर येतो. २.२ पासून सगळ्या प्रतींवर व्हॅलिडेशन एकाच वेळी चालतं. लहान क्लस्टरला ते झेपत नसेल तर --सीक्वेन्शियल लावा, मग एकावेळी एकच प्रत कामाला लागते. वेळ जास्त लागतो, पण दिवसा चालवायचं असेल तर हा सौदा परवडतो.

झालं की नाही हे नोडटूलच्या शेवटच्या ओळीवर सोडू नका. सिस्टीम_डिस्ट्रिब्युटेड कीस्पेसमधली रिपेअर_हिस्टरी आणि पॅरेंट_रिपेअर_हिस्टरी ही टेबलं बघा. तिथे प्रत्येक भागाची सुरुवात, शेवट आणि फसलं असेल तर त्याचं कारण असतं. टेबलस्टॅट्समधल्या 'पर्सेंट रिपेअर्ड' या आकड्याने मात्र घाबरू नका. ४.० पासून फुल रिपेअर तो आकडा वाढवत नाही, तो फक्त इन्क्रिमेंटलचा आहे. फुल दर आठवड्याला चोख होत असूनही तिथे शून्य दिसू शकतं.

पायरी ५: अडकलं तर

टक्के हलत नाहीत, नेटस्टॅट्स रिकामं आहे, लॉगमध्ये काही नाही, आणि नोडटूल अजून थांबलेलाच आहे. आधी बाकीच्या नोडचे लॉग वाचा. चालवलेल्या नोडवर कारण क्वचितच सापडतं. बहुतेकदा दुसऱ्या कोणाला तरी लांब जीसी पॉझ (मेमरी साफ करताना प्रक्रियेचं थांबणं) आला, तो काही सेकंद मेल्यासारखा दिसला आणि सेशन तुटलं, असं निघतं. मर्कल ट्री मेमरीत असतात, त्यामुळे एकावेळी जास्त टेबलं आणि -जे ने वाढवलेले थ्रेड असा मेळ जमला की हीपवर (कॅसँड्राच्या मेमरीवर) ताण येतो.

चालू व्हॅलिडेशन थांबवायला नोडटूल स्टॉप व्हॅलिडेशन. ४.० मधली इन्क्रिमेंटल सेशनं नोडटूल रिपेअर_ॲडमिनने बघता आणि रद्द करता येतात. काहीच ऐकत नसेल तर त्या नोडवर नोडटूल ड्रेन (मेमरीतला डेटा डिस्कवर उतरवून नवी लेखनं घेणं थांबवणं) करून तो रीस्टार्ट करा, सगळे यूएन होऊ द्या आणि फक्त राहिलेल्या भागासाठी नव्याने चालवा. -एसटी आणि -ईटीने सुरुवातीचं व शेवटचं टोकन देता येतं, त्यामुळे सगळं पहिल्यापासून करायची गरज नसते.

पायरी ६: वेळापत्रक

सहा नोडचा क्लस्टर, सोमवार ते शनिवार रोज एक नोड, रविवार मोकळा. दिसायला सुटसुटीत आहे आणि १० दिवसांत बसतंही. पण मुदत कशी मोजायची ते नीट बघा. मागचं रिपेअर ज्या क्षणी सुरू झालं तिथून ते पुढचं ज्या क्षणी पूर्ण झालं तिथपर्यंत मोजायचं, कारण मागचं सुरू झाल्यानंतर लगेच झालेलं डिलीट त्या फेरीत सापडलेलं नसू शकतं. सोमवारच्या नोडचं रिपेअर ८ तास चालत असेल तर अंतर ७ दिवस ८ तास. ठीक आहे.

आता या सोमवारचं फसलं. रविवार मोकळाच आहे, तेव्हा करू, असं म्हणून चालत नाही. मागच्या सोमवारपासून तो १३ वा दिवस असतो, आणि टूमस्टोन १० व्या दिवशीच जायला मोकळे झालेले असतात. फसलेलं सोमवारचं काम बुधवारच्या रात्रीपर्यंत पूर्ण झालंच पाहिजे. म्हणून अलर्ट 'रिपेअर फसलं' यावर तर लावाच, पण त्याहून महत्त्वाचा अलर्ट 'या टेबलाच्या या भागाचं शेवटचं यशस्वी रिपेअर ८ दिवसांपूर्वीचं आहे' हा. क्रॉन मुळात चाललाच नाही, तर पहिला अलर्ट कधीच येणार नाही.

क्रॉनवरून आठवलं. सर्व्हर सहसा यूटीसीवर असतात. पुण्यात बसून रात्री २ ची वेळ म्हणून क्रॉनमध्ये २ लिहिलं, तर काम आपल्या सकाळी ७:३० ला सुरू होतं आणि ऐन ऑफिसच्या गर्दीत रंगात येतं. भारतीय वेळेनुसार सोमवारी रात्री १ वाजता हवं असेल तर यूटीसीत ते रविवारचे १९:३० होतात. वारसुद्धा बदलतो, हे विसरायचं नाही.

दहा-बारा नोडच्या पुढे गेलात की क्रॉन सोडा आणि रीपर लावा. हे मुक्त साधन मूळचं स्पॉटिफायमधलं, पुढे द लास्ट पिकल या कंपनीने ते सांभाळलं आणि वाढवलं. ते प्रत्येक टेबलाचे छोटे सेगमेंट पाडतं, एकेक चालवतं, नोड व्यस्त असेल तर थांबतं, फसलेला सेगमेंट पुन्हा घेतं. सेगमेंट छोटे असल्यामुळे वर सांगितलेलं अनावश्यक स्ट्रीमिंगही कमी होतं. त्यातलं इंटेन्सिटी ० ते १ मध्ये असतं; सुरुवातीला मध्यावर ठेवा आणि लेटन्सी बघून वाढवा. टाइम-विंडो कॉम्पॅक्शनची (वेळेच्या टप्प्यांनुसार फाइली एकत्र करणारी) टेबलं वगळण्याची सोयही त्यात आहे. ज्या टेबलात फक्त टीटीएलने (डेटाला आधीच दिलेल्या मुदतीने) डेटा संपतो आणि हाताने डिलीट कधीच होत नाही, ती वगळून बराच वेळ वाचतो. पण 'कधीच होत नाही' हे विकसकांकडून लेखी घ्या.

रिपेअरच्या आजूबाजूची कामं

नवा नोड सामील होऊन यूएन झाला की बाकीच्या नोडवर एकेक करून नोडटूल क्लीनअप चालवा. नव्याकडे गेलेल्या भागांचा डेटा जुन्यांच्या डिस्कवर तसाच पडून असतो. हे नुसतं जागेसाठी करायचं नाही. पुढे कधी तो नवा नोड काढला, तर ते भाग जुन्याकडे परत येतात आणि तिथे साठलेला महिन्यांपूर्वीचा डेटा पुन्हा जिवंत होतो. झाँबीचा हा दुसरा रस्ता.

नोड बंद करताना आधी ड्रेन. मोठी आवृत्ती बदलताना, म्हणजे काही नोड जुन्या आणि काही नव्या आवृत्तीवर असताना, रिपेअर पूर्ण बंद ठेवा, नोड वाढवू किंवा काढू नका, आणि सगळे नव्यावर आले की प्रत्येकावर अपग्रेडएसएसटेबल्स (जुन्या फाइली नव्या आवृत्तीच्या रूपात पुन्हा लिहिणारी कमांड) चालवून मगच वेळापत्रक सुरू करा. या काळात रिपेअरची मुदत धावतच असते. अपग्रेड लांबणार असं दिसलं तर सुरू करण्याआधीच जीसी_ग्रेस वाढवून ठेवा, २० दिवस वगैरे. टूमस्टोन जास्त दिवस राहतील, डिलीट जास्त होणाऱ्या टेबलांवर वाचन थोडं मंदावेल, पण मुदत हातात राहते. नंतर ती पुन्हा खाली आणण्याआधी एक पूर्ण फेरी होऊ द्या. कामाच्या ओझ्यामुळे १० दिवसांत फेरी बसतच नसेल तेव्हाही हाच उपाय.

राहिला तो प्रसंग, ज्यात लोक सगळ्यात जास्त घाई करतात. एखादा नोड हार्डवेअरच्या बिघाडाने दोन आठवडे बंद होता आणि आता दुरुस्त होऊन आलाय, डिस्कवरचा डेटा शाबूत आहे. तो तसाच सुरू करायचा मोह होतो. करू नका. त्याच्या पोटात जीसी_ग्रेसच्या आधीचा डेटा आहे आणि त्यातल्या कितीतरी ओळींचे टूमस्टोन बाकीच्यांनी केव्हाच टाकून दिलेत. तो उठला की ते सगळं क्लस्टरभर पसरेल, आणि त्यानंतर चालवलेलं रिपेअर ते पसरवायलाच मदत करेल. त्याची डेटा, कमिटलॉग, हिंट्स आणि सेव्हड कॅशेसची फोल्डरं रिकामी करा, रिप्लेस_ॲड्रेस_फर्स्ट_बूटमध्ये मेलेल्या नोडचा पत्ता देऊन त्याला नवा नोड म्हणून उभा करा, आणि तो यूएन झाल्यावर त्याच्यावर -पीआर न लावता फुल रिपेअर चालवा. नोड हिंटच्या ३ तासांहून जास्त बंद होता, म्हणून हे रिपेअर इथे सक्तीचं आहे. ते संपलं की तक्त्यात त्याच्या नावापुढे तारीख टाका आणि त्याला पुन्हा वेळापत्रकात घ्या.